लाकडाच्या स्टोव्हचा ब्लोअर कधी लावायचा आणि कधी नाही

जानेवारीत अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट किंवा न्यू हॅम्पशरमध्ये संध्याकाळी कामावरून परत यावं तर घर पार गारठलेलं असतं. कोट न काढताच माणूस स्टोव्ह पेटवायला बसतो. ढलप्यांनी जरा पेट घेतला की हात ब्लोअरच्या, म्हणजे स्टोव्हची ऊब खोलीत सोडणाऱ्या पंख्याच्या, बटणाकडे जातो, कारण गरम हवा लवकर हवी असते. आणि इथेच सगळं बिनसतं. ब्लोअरमधून कोमट झुळूक येते, काच काळवंडते, लाकडं धुमसत बसतात आणि तासाभरानंतरही खोली तशीच थंड. तोच स्टोव्ह अर्धा-पाऊण तास निवांत तापू दिला असता, तर तेवढ्याच वेळात अंगावरचा स्वेटर उतरला असता.

खोली गार आहे म्हणून ब्लोअर लावायचा नसतो, स्टोव्ह तापला म्हणून लावायचा असतो. आधी आगीचं पोट भरू द्यायचं, मग घराचं. या लेखात सांगितलेलं बाकीचं सगळं यातूनच येतं, पण ‘तापला’ म्हणजे किती, आणि ते ओळखायचं कसं, हे नीट समजून घ्यायला हवं. या भागात जुनं घर घेतलं की इन्सर्ट, म्हणजे फायरप्लेसच्या खोबणीत बसवलेला स्टोव्ह, बरेचदा आयताच मिळतो आणि त्याचं मॅन्युअल मात्र आधीच्या मालकाबरोबर गेलेलं असतं. अशा घरांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितो आहे.

ब्लोअर नेमकं काय करतो

गावाकडे चुलीपुढे किंवा बंबापुढे बसलेल्या माणसाला वारा घालायचा म्हटलं की फुंकणी आठवते. फुंकणीचा वारा थेट विस्तवावर जातो आणि निखारे फुलतात. स्टोव्हचा ब्लोअर आगीला शिवतसुद्धा नाही. तो खोलीतली थंड हवा खालून किंवा मागून ओढतो, आगीची पेटी आणि बाहेरचं कवच यांच्यामधल्या पोकळीतून ती फिरवतो आणि दाराच्या वरच्या फटीतून गरम करून खोलीत सोडतो. धूर आणि ही हवा कुठेही एकत्र येत नाहीत. आगीला लागणारी हवा वेगळ्या वाटेने जाते आणि ती कमी-जास्त करायला वेगळी दांडी असते.

म्हणजे ब्लोअर लावल्याने आग भडकत नाही, उलट पेटीच्या भिंतींमधली उष्णता काढून घेतली जाते. पेटीत उष्णता मुबलक असेल तर हे उत्तमच. नुकती काडी ओढलेली असेल तर मात्र आगीच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं होतं.

पेटीतली उष्णता इतकी महत्त्वाची का? लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबरासारखी वाफ निघते, आणि लाकडातली बरीचशी ऊर्जा याच धुरात असते. आजचे स्टोव्ह तो धूर वाया जाऊ देत नाहीत. वरच्या बारीक भोकांच्या नळ्यांमधून तापलेली हवा सोडून तो पुन्हा पेटवतात. त्यासाठी पेटीच्या वरच्या भागात सुमारे ११०० अंश फॅरनहाइट (जवळजवळ ६०० सेल्सिअस) तापमान लागतं. कॅटॅलिस्ट (धूर कमी तापमानालाच पेटवणारा भाग) बसवलेल्या स्टोव्हमध्ये हेच काम साधारण ५०० फॅरनहाइटला (२६० सेल्सिअस) सुरू होतं. ते तापमान आलं नाही तर धूर तसाच धुराड्यात जातो, थंड नळीच्या भिंतींवर गोठतो आणि त्याचा चिकट काळा थर बसतो. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. धुराड्याला आग लागते ती याच थराने. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमानुसार २०२० पासून नव्या स्टोव्हमधून तासाला सरासरी २ ग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण बाहेर पडता कामा नयेत (चाचणी खऱ्या सरपणावर केली असेल तर २.५ ग्रॅम). स्टोव्ह या मर्यादेत राहतो तो आत नीट तापला तरच. गार पेटीत धुमसणारा महागडा नवा स्टोव्हही जुन्या ढणढण्या शेगडीइतकाच धूर सोडतो.

सगळ्या स्टोव्हवर ब्लोअरचा परिणाम सारखा नसतो, हेही खरं. पेटीला आतून जाड विटा असतील तर तो कमी जाणवतो. हवा थेट पेटीच्या माथ्यावरून जात असेल तर जास्त जाणवतो. तुमच्या स्टोव्हचा स्वभाव ओळखायचा तर मोजमापाला पर्याय नाही.

आधी तीन गोष्टी जवळ ठेवा

पहिली, थर्मामीटर. चुंबकाने चिकटणारा गोल थर्मामीटर थोडक्या डॉलरांत मिळतो. मोकळ्या उभ्या स्टोव्हवर तो माथ्यावर, ब्लोअरच्या झोतापासून बाजूला ठेवा. एकेरी पत्र्याची धुराची नळी खोलीतूनच वर जात असेल तर स्टोव्हपासून दीड फुटावर तिच्यावर दुसरा लावा. नळीचा पृष्ठभाग २५० ते ४७५ फॅरनहाइटच्या (१२० ते २४५ सेल्सिअस) दरम्यान असावा. त्याखाली क्रिओसोट साचू लागतो. दुहेरी पत्र्याच्या नळीवर बाहेरून चिकटवलेला थर्मामीटर खोटं सांगतो, तिथे आत घुसणाऱ्या दांडीचा लागतो. इन्सर्टचा माथा आणि नळी दोन्ही फायरप्लेसच्या आत दडलेली असतात, म्हणून तिथे लेझर ठिपक्याचा इन्फ्रारेड थर्मामीटर बरा. दाराच्या वर, लोखंडाच्या एकाच ठरावीक जागी रोज माप घ्या. काचेवर नेम धरून माप घेऊ नका, ते भरवशाचं नसतं.

दुसरी, लाकडातला ओलावा मोजायचा मीटर. ओंडका मधोमध फोडायचा आणि ताज्या फोडीच्या पृष्ठभागावर टाचण्या रुतवायच्या. आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा. बाहेरच्या सालीवर मोजलं तर ओलं लाकूडही कोरडं दिसतं. या भागात मेपल, बर्च, ॲश, बीच आणि ओक जाळतात. ओक वाळायला बाकीच्यांपेक्षा फार वेळ घेतो, फोडून रचल्यावर दोन उन्हाळे तरी लागतात. ‘सीझन्ड’, म्हणजे वाळवलेला, म्हणून विकलेला ओक पुष्कळदा त्याच वर्षी तोडलेला असतो. ब्लोअर लावल्यावर आग मंदावते अशी तक्रार असेल, तर ब्लोअरला दोष देण्याआधी सरपण तपासा. ओलं लाकूड बरीच उष्णता स्वतःचं पाणी उडवण्यातच घालवत असेल, तर ब्लोअरला द्यायला उरतं काय?

तिसरी गोष्ट, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म चालू स्थितीत. आणि धुराड्याची वर्षातून एकदा तरी तपासणी. एनएफपीए २११ या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकातही तेच सांगितलं आहे.

पेटवल्यापासून झोपेपर्यंत

ब्लोअर बंद, हवेची दांडी पूर्ण उघडी, अशी सुरुवात करा. कॅटॅलिस्ट असेल तर बायपासची, म्हणजे धूर त्याला वळसा घालून थेट धुराड्यात सोडणारी, झडपही उघडी. खाली दोन-तीन ओंडके, त्यांवर मध्यम फोडी आणि सगळ्यांत वर ढलप्या रचून वरून पेटवा. वरून खाली येणारी आग धूर कमी करते आणि धुराडं लवकर तापवते. धुराडं गार असताना ओढ नसते आणि धूर खोलीत येतो, म्हणून हे महत्त्वाचं.

यानंतर बराच वेळ स्टोव्हला हात लावू नका. पंचवीस मिनिटं लागतात, कधी चाळीस. लोखंडाचा जाड स्टोव्ह जास्त घेतो, दगडी पाट्यांचा त्याहून जास्त. मोठे ओंडके सगळीकडून पेटले आणि नळी किंवा माथा तापला की हवेची दांडी एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने कमी करा. या वेळी काचेतून जरा बघत बसा. हवा कमी केल्यावर खालच्या ज्वाळा आळसावतात आणि वरच्या नळ्यांच्या भोकांशी वेगळ्याच ज्वाळा दिसू लागतात. लाकडाला न चिकटता त्या हवेत तरंगतात, गॅसच्या बर्नरसारख्या भोकाभोकातून येतात, कडेला निळसर असतात. धूर पेटला याची ही खूण. बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहिलं तर धूर जवळजवळ दिसत नाही, नुसती हवा थरथरताना दिसते.

त्या ज्वाळा पाच-दहा मिनिटं टिकल्या आणि माथा ३५० फॅरनहाइटच्या (१७५ सेल्सिअस) पुढे गेला की ब्लोअर लावा, पण अगदी मंद. कॅटॅलिस्टवाल्यांनी त्याच्या थर्मामीटरचा काटा ‘ॲक्टिव्ह’ भागात शिरल्यावर बायपास बंद करावा, आणखी थोडं थांबावं, मग ब्लोअर. इन्सर्टच्या पुढच्या पट्टीवर हा आकडा कमी दिसेल, म्हणून तिथे ज्वाळांवर भरवसा ठेवा आणि त्या वेळचा आकडा लक्षात ठेवा. पुढच्या वेळी तोच तुमचा इशारा.

ब्लोअर लावल्यावर दहा मिनिटं आगीकडे बघा. वरच्या ज्वाळा टिकल्या तर वेग वाढवायला हरकत नाही. त्या विझल्या, काचेच्या कोपऱ्यांत तपकिरी छटा आली, तर घाई झाली. ब्लोअर बंद करा, हवा किंचित उघडा. एक मात्र ध्यानात ठेवा: ब्लोअर चालू झाला की माथ्यावरचा थर्मामीटर चांगलाच खाली येतो. त्याचा अर्थ आग मंदावली असा नाही, पृष्ठभागावरची उष्णता हवेबरोबर जाते आहे एवढंच. या फसव्या आकड्याला भुलून हवा उघडत गेलात तर आतली आग नको इतकी वाढेल. ब्लोअर चालू असताना नळीचा आकडा आणि ज्वाळा बघा.

पुन्हा लाकूड घालण्याच्या पाच मिनिटं आधी ब्लोअर बंद करा. दार उघडल्यावर राख उडते आणि ब्लोअर ती ओढून घेतो, हे एक कारण. दुसरं असं की नवी, गार लाकडं घातली की पेटी एकदम थंडावते. नव्या लाकडांनी पेट घेऊन वरच्या ज्वाळा परत येईपर्यंत ब्लोअर बंदच बरा. निखारे भरपूर असतील तर दहा-पंधरा मिनिटांत होतं. खूप थंडीच्या रात्री घरचे ‘बंद का केला?’ म्हणून विचारतील, पण ती पंधरा मिनिटं पुढचे कित्येक तास नीट जळण्यासाठी असतात.

ज्वाळा संपून नुसते निखारे उरले की परिस्थिती बदलते. आता धूर फारसा नाही, क्रिओसोटची भीती जवळजवळ नाही. या टप्प्यावर ब्लोअर मंद ठेवून उरलेली ऊब घरात आणणं योग्यच. मात्र तो जोरात ठेवला तर पेटी झपाट्याने गार होते, निखारे अर्धवट राहून राखेत दबतात आणि सकाळी पुन्हा पेटवायला काही उरत नाही. कडाक्याच्या थंडीत निखारेच निखारे साचून नवं लाकूड घालायला जागा उरत नाही, तेव्हा उलट करा: हवा थोडी उघडा, निखारे पुढे ओढा, वर एखादी बारीक फोड टाका आणि ब्लोअर मध्यम ठेवा. निखारेही जळून जातात आणि घरही ऊबदार राहतं.

झोपताना मी ब्लोअर सगळ्यांत मंद ठेवण्याच्या मताचा आहे, आणि मोकळ्या उभ्या स्टोव्हला तर बंदच. काही स्टोव्हना हवा आपोआप कमी-जास्त करणारा बायमेटल थर्मोस्टॅट असतो. अशा स्टोव्हवर ब्लोअर जोरात ठेवला तर थर्मोस्टॅटला वाटतं स्टोव्ह गार पडला, तो हवेची झडप उघडतो आणि पहाटेपर्यंत पुरायचं लाकूड मध्यरात्रीच संपतं.

मंद की जोरात

बहुतेकांना वाटतं, जोरात लावला की घर लवकर तापतं. काही वेळापुरतं ते खरंही असतं. पण हवा वेगाने गेली की तिला तापायला वेळ कमी मिळतो. झोत कोमट लागतो, समोर बसलेल्याला वारा बोचतो आणि आवाजाने बोलणं अवघड होतं. मंद झोताची हवा जास्त गरम असते. आग मोठी आणि स्थिर असतानाच वेग वाढवा, आग उतरेल तसा उतरवा. पुष्कळ ब्लोअरचं गोल बटण ‘बंद’वरून आधी सर्वांत जोरात जातं आणि पुढे फिरवत गेलं की मंद होतं. हे माहीत नसेल तर मंद करायला म्हणून उलटं फिरवून ब्लोअर बंद केला जातो. अगदी मंद करताना मोटर घूं घूं करून अडखळत असेल तर बटण थोडं मागे आणा. अडखळलेली मोटर तापते.

ब्लोअरजवळ बरेचदा आणखी एक छोटी वस्तू असते: नाण्याएवढा थर्मोस्टॅट. त्याला स्नॅप डिस्क म्हणतात. तो स्टोव्हच्या अंगाला टेकलेला असतो आणि त्याची जागा साधारण ११० ते १२० फॅरनहाइट (४३ ते ४९ सेल्सिअस) झाली की ब्लोअर चालू करतो, ९०च्या (३२ सेल्सिअस) आसपास बंद करतो. पेटीच्या मानाने हे आकडे फार लहान वाटतात, कारण डिस्क खाली किंवा मागे, थंड भागात असते. तिथवर ऊब पोचेस्तोवर वरचा भाग बऱ्यापैकी तापलेला असतो. स्विच ‘ऑटो’वर ठेवला की रात्री आग विझल्यावर ब्लोअर आपला आपण थांबतो, हा तिचा मोठा फायदा. ब्लोअर सारखा चालू-बंद होत असेल तर एकतर आग लहान आहे, नाहीतर डिस्क अंगापासून सुटली आहे. आग चांगली असूनही तो लागतच नसेल तर ‘मॅन्युअल’वर लावून बघा. मॅन्युअलवर चालला तर मोटर ठीक, डिस्क गेली. डिस्क स्वस्त असते, सहज बदलता येते.

ऊब खोलीबाहेर न्यायची तर

ब्लोअर खोली तापवतो, घर नाही. शेजारच्या बेडरूमपर्यंत ऊब न्यायला लोक स्टोव्हच्या खोलीत पंखा ठेवून गरम हवा बाहेर ढकलतात. त्यापेक्षा छोटा पंखा थंड पॅसेजमध्ये जमिनीवर ठेवा आणि त्याचं तोंड स्टोव्हकडे करा. थंड हवा जड, जमिनीलगतची. ती ढकलणं सोपं जातं, आणि तिची जागा घ्यायला छताजवळची गरम हवा आपोआप पॅसेजमध्ये येते. दाराच्या चौकटीत वर टिश्यूचा कागद धरून बघा, तो बाहेरच्या दिशेने हलताना दिसेल. छताचा पंखा असेल तर हिवाळ्यात तो उलटा, म्हणजे हवा वर ओढेल असा, मंद फिरवा.

आता आपल्या स्वयंपाकघराबद्दल, कारण इथल्या मॅन्युअलमध्ये फोडणीचा विचार केलेला नसतो. मिरची-मोहरीची फोडणी द्यायची म्हणून आपण शेगडीवरची विजेची चिमणी जोरात लावतो. ती घरातली हवा बाहेर फेकते, घट्ट बंद घरात दाब कमी होतो आणि ती हवा भरून काढायला सर्वांत सोपी वाट म्हणजे स्टोव्हचं धुराडं. आग मोठी असेल तर धुराड्याची ओढ टिकते. आग उतरून निखाऱ्यांवर आलेली असताना, विशेषतः रात्री, धूर आणि त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, उलटा घरात येऊ शकतो. इथल्या बांधकाम नियमांत मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त हवा ओढणाऱ्या चिमणीसाठी बदली हवेची सोय करायला सांगितलं आहे, ते याचसाठी. तशी सोय नसेल तर चिमणी लावताना स्वयंपाकघराची खिडकी दोन बोटं उघडा आणि त्या वेळी स्टोव्हचं दार उघडू नका.

आग हाताबाहेर जाते तेव्हा, आणि वीज जाते तेव्हा

माथ्याचा आकडा मॅन्युअलमधल्या मर्यादेपुढे गेला किंवा लोखंडाचा कुठलाही भाग मंद लाल दिसू लागला तर हवेची दांडी पूर्ण बंद करा, दार घट्ट लावलेलं आहे ना ते बघा, आणि ब्लोअर सर्वांत जोरात लावा. एवढ्या एकाच प्रसंगी ब्लोअरचा गार करण्याचा गुण हवाहवासा असतो. पाणी कधीही टाकू नका, तापलेलं लोखंड आणि काच तडकते. धुराड्यातून घरघर किंवा रेल्वे गेल्यासारखा आवाज आला तर दार आणि हवा बंद करून सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ ला फोन करा.

वादळात वीज गेली की ब्लोअर थांबतो, आग जळत राहते. मोकळ्या स्टोव्हला फारसं काही होत नाही. इन्सर्टची उष्णता मात्र विटांच्या खोबणीत कोंडते, म्हणून हवा थोडी कमी करा आणि पुढची लाकडं कमी घाला. ब्लोअरला वीज फार लागत नाही, साधारण शंभर वॅटच्या आसपास, त्यामुळे लहान बॅटरीवर तो काही तास चालतो. वायर मात्र स्टोव्हच्या तळाला किंवा अंगाला टेकणार नाही अशी ठेवा, आणि तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकू नका.

साफसफाई

ब्लोअर राख, केस, धूळ सगळं ओढतो. घरात कुत्रं-मांजर असेल तर महिन्याला, नसेल तर हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यात एकदा साफ करा. स्टोव्ह पूर्ण गार हवा, प्लग काढलेला हवा. बहुतेक ब्लोअर दोन-चार स्क्रूंनी किंवा चुंबकांनी बसवलेले असतात. पाती पिंजऱ्यासारखी असतात, प्रत्येक पात्याच्या खोलगट बाजूला राखाडी नमदा जमतो आणि त्याने हवा निम्म्यावर येते. जुना टूथब्रश आणि व्हॅक्यूमची बारीक नळी पुरते. पात्यांवर लहानशा धातूच्या चिमट्या दिसल्या तर त्या काढू नका, तोल साधण्यासाठी कारखान्यातच बसवलेल्या असतात. तेल फक्त तेलाची भोकं असलेल्या मोटरलाच, दोन-तीन थेंब. बंद बेअरिंगच्या मोटरला तेल घातलं की धूळ चिकटते. स्टोव्हमधली राख घरच्या व्हॅक्यूमने काढू नका. राखेखाली निखारा कित्येक तास, कधी दिवसभराहूनही जास्त जिवंत राहतो. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत ती भरून घराबाहेर, लाकडी डेकपासून दूर ठेवा.

ब्लोअर घ्यायचाच का?

इन्सर्ट असेल तर हो. त्याच्या तिन्ही बाजू विटांत गाडलेल्या असतात आणि ब्लोअरवाचून बरीच ऊब भिंतीत, त्यातही बाहेरच्या भिंतीत, मुरून जाते. मोकळा उभा स्टोव्ह असेल तर घाई करू नका. तो चारी बाजूंनी स्वतःच ऊब फेकतो. आधी एक हिवाळा कोरडं सरपण आणि पॅसेजमधला पंखा एवढ्यावर काढून बघा. स्टोव्ह कोपऱ्यात असेल, मागच्या बाजूला उष्णतारोधक पत्रा असेल आणि पलीकडची खोली तरीही थंड राहत असेल, तेव्हा ब्लोअर घ्या, आणि तो तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलाच घ्या. कुठलाही बसेल अशा ब्लोअरची हवा पोकळीत नीट फिरत नाही. माथ्यावर ठेवायचे, उष्णतेवरच वीज तयार करून फिरणारे छोटे पंखे हा वेगळा प्रकार आहे. त्यांना प्लग लागत नाही, आवाज नाही, पण हवाही थोडीच हलते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात मोकळ्या स्टोव्हसाठी ते बरे. इन्सर्टसमोर ते ठेवायला बहुधा जागाच नसते.